अंगठीतून गेली म्हणजे पश्मिना खरी?

नेपाळला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतोच: ‘शाल अंगठीतून सर्रकन गेली की डोळे झाकून घ्या.’ काठमांडूच्या थामेलमध्ये दुकानदारही हाच प्रयोग करून दाखवतात. पण ही परीक्षा पश्मिन्याची नाहीच.

अंगठीतून जाते ते कापड पातळ आणि गुळगुळीत असल्यामुळे. व्हिस्कोस या कृत्रिम धाग्याचा स्वस्त स्टोलही असाच सरकतो, आणि जाड विणीची अस्सल पश्मिना अडकते. ‘अंगठीची शाल’ हे नाव मुळात शाहतूशचं. ती चिरू या तिबेटी हरणाच्या लोकरीची, आणि ती लोकर काढायला जनावर मारावंच लागतं. 1979 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, भारतातही ती विकणं गुन्हा आहे. कुणी ‘खास माल’ म्हणून पुढे केली तर कृपया हातही लावू नका.

पश्मिना येते हिमालयातल्या चांगरा शेळीच्या अंगावरच्या आतल्या मऊ लवीतून. ती विंचरून काढतात, शेळी जिवंत राहते.

मग ओळखायचं कसं? शालीच्या काठाचा एक धागा मागून घ्या आणि जाळा. जळक्या केसांचा वास आला, राख बोटांत चुरली, तर धागा प्राणिज. कागद जळल्यासारखा वास आला तर व्हिस्कोस, वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर. साधी लोकर आणि रेशीमही केसांसारखंच जळतं, म्हणून बिलावर पश्मिन्याचं प्रमाण लिहून मागाच. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करू लागला, तर शाल घडी करून परत द्या.