मापनावर किती प्रश्न येतात?

अकरावीच्या भौतिकशास्त्राची सुरुवात एकके आणि मापनाने होते. क्लासमध्ये हा धडा बहुधा चार-दोन तासांत उरकतात. पुढे गतीचे नियम असतात, आणि 'मापनाला वेटेज किती?' असं विचारलं की 'एक-दोन प्रश्न' हेच उत्तर मिळतं. मला ही मोजणीच अपुरी वाटते.

सप्टेंबर २०२० ची 'नीट', म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षा घ्या. भौतिकशास्त्राचे प्रश्न ४५, प्रत्येकी ४ गुण. त्यात मापनाचे थेट प्रश्न तीन होते. एकात प्रतिबलाची (stress) मिती, म्हणजे ती राशी वस्तुमान, लांबी आणि वेळ यांतून कशी बनते, हे विचारलं होतं. दुसऱ्यात स्क्रू गेजचा (बारीक जाडी मोजायचं उपकरण) लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१ मिमी, वर्तुळाकार पट्टीवर ५० भाग, तर पिच, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर, किती? गुणाकार केला की ०.५ मिमी. हे १२ गुणांपैकी आठ झाले, पाठ असेल तर मिनिटभराचं काम.

तिसरा प्रश्न मात्र फार सुंदर आहे. सार्थक अंक (मोजमापातले खात्रीने धरता येणारे अंक) लक्षात घेऊन ९.९९ मीटरमधून ०.००९९ मीटर वजा करा. कागदावर उत्तर येतं ९.९८०१, आणि तोही पर्याय समोर असतोच. बरोबर उत्तर आहे ९.९८. पहिली लांबी सेंटीमीटरपर्यंतच मोजलेली आहे. तिच्यातला मिलिमीटर आपल्याला ठाऊक नाही, मग वजाबाकीतून मिलिमीटरचा दहावा भाग कुठून निघणार? गणिताच्या पेपरात ९.९८०१ ला पूर्ण गुण मिळतील. इथे तेच उत्तर चुकतं, कारण भौतिकशास्त्रातली संख्या आपल्याला किती ठाऊक आहे हेही सांगत असते.

आता त्याच पेपरात मापन आडून कुठे आलं ते पाहा. प्रकाशाचा प्रश्न: दर चौरस सेंटीमीटरला २० वॅट, पृष्ठभाग २० चौरस सेंटीमीटर, वेळ १ मिनिट, तर ऊर्जा किती? सेंटीमीटरला हात लावायचा नाही, ते आपोआप कटतात. मिनिटाचे सेकंद मात्र करायचेच. उत्तर २४,००० ज्यूल. धारित्राच्या (कपॅसिटर) प्रश्नात तर माध्यमाची विद्युतपार्यता (permittivity) एककासह काढायची होती. हे प्रश्न 'मापन' या रकान्यात कुणी मोजत नाही, पण एककांवर पकड नसेल तर गुण तिथेच जातात.

याच धड्यातल्या त्रुटीच्या गणितांबद्दल, म्हणजे मोजण्यातली चूक उत्तरात किती उतरते याबद्दल, थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ती प्रयोगशाळेतूनच आलेली आहेत. साध्या लोलकावरून गुरुत्वत्वरण काढताना लांबी एकदाच येते आणि दोलनकाळाचा वर्ग येतो, म्हणून वेळेतली टक्केवारी दुप्पट धरायची. लोलक १ मीटरचा असेल तर एका दोलनाला साधारण २ सेकंद लागतात. घड्याळात ०.१ सेकंदाची चूक धरली तर वेळेत ५ टक्के आणि उत्तरात १० टक्के त्रुटी. ९.८ च्या जागी ८.८ आलं तरी तक्रार करता येणार नाही! तेच वीस दोलनांचा वेळ एकदम मोजला तर ४० सेकंदांत तीच ०.१ ची चूक, म्हणजे पाव टक्का. उत्तरात अर्धा टक्का. लांबीत १ मिलिमीटरची चूक झाली असेल तर आणखी ०.१ टक्का. लोलक तोच, घड्याळ तेच, आणि गुरुत्वत्वरण ०.०६ च्या आत-बाहेर हाती येतं.