एका ‘किंवा’ची गोष्ट: संशोधनपत्रिकांच्या यादीमागची पार्श्वभूमी

सेन्सरवर चालणारी सिंचनव्यवस्था, म्युच्युअल फंडांबद्दल ग्राहकांचे मत, प्राथमिक शिक्षकांचा ताण आणि किराणा घराण्याची आलापी. हे चार विषय एकाच अंकात, एकाच मुखपृष्ठाखाली छापलेले पाहिले की बाहेरच्या माणसाला वाटते, केवढा हा विद्याशाखांचा संवाद! प्राध्यापक मंडळी मात्र अंक उघडायच्या आधी मागचे पान उलटवून आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, पाहतात. मुखपृष्ठावरच्या ‘मल्टिडिसिप्लिनरी’ या शब्दाकडे गेल्या काही वर्षांत ती जरा संशयानेच बघतात. कारण नेमणूक-बढतीचे गुण, मान्य पत्रिकांच्या याद्या आणि नियमातल्या एका ‘किंवा’ने घातलेला घोळ.

विषयांची सरमिसळ नवी नाही. १६६५ साली पॅरिस आणि लंडनमध्ये अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने निघालेल्या पहिल्या दोन विद्वत्पत्रिकांतही मिळेल ते ज्ञान छापले जाई. १८६७ मध्ये सुरू झालेल्या मराठीतल्या एका मान्यवर मासिकाच्या तर नावातच विविध ज्ञान होते. पण तेव्हा सगळे विषय एकत्र येत, कारण ते वेगळे वाचणारा वर्ग नव्हता. आजच्या सरमिसळीचे कारण वेगळे आहे, आणि ते २०१०पासूनच्या नियमांत सापडते.

त्याआधीची एक पायरी २००९ची. पीएचडीचा प्रबंध सादर करण्यापूर्वी रेफरीड, म्हणजे निबंध तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या, संशोधनपत्रिकेत एक शोधनिबंध छापलेला हवा, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची अट आली. पुढच्याच वर्षी शिक्षकांच्या नेमणुका व बढत्यांसाठी गुणांकन आले. त्याला सगळे ‘एपीआय’ (अकॅडेमिक परफॉर्मन्स इंडिकेटर, शैक्षणिक कामगिरीचा निर्देशक) म्हणू लागले. रेफरीड पत्रिकेतल्या निबंधाला १५ गुण, आणि रेफरीड नसलेल्या पण मान्यताप्राप्त, आयएसबीएन किंवा आयएसएसएन असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १०. कोष्टकातल्या या दुसऱ्या ओळीने पुढचा बराच घोळ घातला. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे. स्वयंपाकाच्या मासिकालाही तो मिळतो, गुणवत्तेशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण नियमात तो गुणांच्या शेजारी जाऊन बसला आणि मुखपृष्ठावर ठळक छापला जाऊ लागला. मागणी चारही दिशांनी आली होती, म्हणून पुरवठादारांनी चारही विषय एका दुकानात ठेवले. एकाच विषयाच्या पत्रिकेला त्या विषयाचे संपादक आणि परीक्षक शोधावे लागतात. सर्व विषयांच्या पत्रिकेला तेवढी तोशीस नाही.

हा बाजार फोफावल्यावर आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी काढली. त्यात ३८ हजारांहून अधिक नावे होती, बहुतेक आंतरराष्ट्रीय सूचींतून उचललेली. भारतीय भाषांतल्या, मानव्यविद्येतल्या पत्रिका त्यात फारशा नाहीत अशी तक्रार झाली, आणि ती खोटी नव्हती. मग विद्यापीठांनीच नावे सुचवावीत असे ठरले. चांगल्या हेतूने उघडलेले दार नको त्यांनाही उघडे मिळाले. विद्यापीठांनी सुचवलेल्या, कोणत्याही सूचीत नसलेल्या पत्रिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाच्या असू शकतात, असे २०१८च्या एका पाहणीत दिसले. त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या गेल्या. ज्यांचे निबंध त्यांत आधीच छापून झाले होते, त्यांची अवस्था सांगायला नको.

खरी गुंतागुंत इथून पुढे आहे. जुलै २०१८च्या विनियमांत गुणांच्या कोष्टकाचा मथळा असा होता: ‘पीअर रिव्ह्यूड किंवा आयोगाच्या यादीतील पत्रिकांमधील शोधनिबंध’. विज्ञान-तंत्रज्ञानाला निबंधामागे ८ गुण. भाषा, शिक्षणशास्त्र, वाणिज्य, व्यवस्थापन वगैरेंना १०. दोन गुणांच्या फरकावरून कुरबुर झाली, पण वाद पेटला तो ‘किंवा’वरून. साध्या वाचनात अर्थ सरळ आहे: तज्ज्ञांनी तपासलेली पत्रिका असेल तर यादीत नसली तरी चालेल. मात्र १४ जून २०१९ रोजी जुनी यादी मोडीत निघाली, तिच्या जागी आयोगाची नवी ‘केअर’ यादी आली आणि सोबतच्या जाहीर सूचनेत म्हटले गेले की, यापुढे सर्व शैक्षणिक कामांसाठी फक्त याच यादीतल्या पत्रिका धराव्यात. म्हणजे विनियमात ‘किंवा’, सूचनेत ‘फक्त’. छाननी समितीने कोणते मानायचे? काही समित्या सूचनेवर बोट ठेवत, काही विनियमावर. माझ्या मते विनियमाचे वजन अधिक. पण फाईल परत येण्याच्या धास्तीपुढे हा युक्तिवाद फारसा टिकत नाही, हेही खरे. ‘पीअर रिव्ह्यूड’ ठरवायचे तर पत्रिका उघडून वाचावी लागते. यादीत नाव पाहणे दोन मिनिटांचे काम.

आणि कोणतीही एक यादी या चारही क्षेत्रांना सारखी लागू पडत नाही. संगणकशास्त्रात उत्तम काम आधी परिषदांत येते, पत्रिकेत नंतर किंवा कधीच नाही. व्यवस्थापनशास्त्रातल्या लोकांची नजर परदेशी क्रमवारीवर असते. शिक्षणशास्त्रातला कृतिसंशोधन करणारा शिक्षक जिल्ह्याच्या भाषेत, जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी लिहितो. त्याला उद्धृत कोण करणार? संगीताची कथा आणखी वेगळी. गुरूकडची तालीम आणि आकाशवाणी-दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी यांना नेमणुकीच्या नियमांत जागा आहे. पुढे पीएचडी आणि संशोधनाचे गुण आले की मागणी पुन्हा छापील निबंधाची. मग तीन तास राग उलगडणारा माणूस रागाचा ‘समकालीन संदर्भ’ लिहायला बसतो आणि तो निबंध सिंचनाच्या सेन्सरशेजारी छापून येतो.

केअर यादी आधी चार गटांत होती, नंतर दोन गट उरले: एक छाननीतून निवडलेल्यांचा, दुसरा जागतिक सूचींतल्यांचा. कुणा प्रतिष्ठित पत्रिकेचे नाव आणि आयएसएसएन चोरून हुबेहूब संकेतस्थळ उभारण्याचे प्रकार इतके वाढले की अशा ‘क्लोन’ पत्रिकांची वेगळी नोंद ठेवावी लागली. यादीचे काम पुण्यातून चाले. यादीने बाजार आटोक्यात आणला हे मान्य करावे लागेल. संकेतस्थळ, संपादक मंडळाचे तपशील, परीक्षणाचे धोरण अशी कागदपत्रे जमवताना छोट्या मराठी नियतकालिकांची दमछाक झाली, हेही त्याच खात्यात मांडावे लागेल.

नोव्हेंबर २०२२च्या पीएचडी नियमांतून शोधनिबंध छापण्याची सक्ती गेली. जानेवारी २०२५च्या विनियमांच्या मसुद्यात गुणांऐवजी नऊ प्रकारच्या ‘उल्लेखनीय योगदानां’ची भाषा आली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, फेब्रुवारीत, केअर यादी बंद केल्याची सूचना निघाली. निर्णय आदल्या ऑक्टोबरमध्येच झालेला होता. यादीच्या जागी काही सूचक निकष दिले गेले, त्यांवर २५ फेब्रुवारीपर्यंत अभिप्राय मागवले गेले आणि पत्रिका निवडण्याची यंत्रणा संस्थांनी आपापली उभारावी असे सांगण्यात आले. २०१८च्या त्या मथळ्यातली यादी अशी निघून गेली. ‘किंवा’च्या आधीचे ‘पीअर रिव्ह्यूड’ जागेवरच आहे, आणि ते तपासायला आता समितीला अंक उघडावाच लागतो.