जिओकॅशिंगला फावडं लागत नाही!
जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा फोनवरच्या जीपीएसने शोधायचा खेळ. खजिना शोधायचा खेळ म्हटलं की लोकांना लगेच गुप्तधन आठवतं, "म्हणजे खणायचं ना?" असं दर वेळी विचारतात. नाही हो, अजिबात नाही! हां, पहिला डबा मात्र थोडा तसा होता. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, जागा बऱ्याच नेमक्या कळायला लागल्या आणि लगेच ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने तिथल्या ओरेगन राज्यात झाडीत एक बादली ठेवली, ती खरंच अर्धवट पुरलेली होती, आत बीन्सचा डबा, गलोल वगैरे. पण पुढे नियम झाले, आता शोधणाऱ्याने खणायचंच नसतं. डबा असतो दगडाआड, झाडाच्या ढोलीत (हात घालायच्या आधी काठीने बघा हं), नाहीतर रेलिंगला चुंबकाने चिकटलेली बोटाच्या पेराएवढी डबी. फोन चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतोच, म्हणून जवळ पोचलात की तो खिशात टाका आणि डोळ्यांनी शोधा, उगाच नीट रचलेल्या काटक्या दिसतात बघा. पेन मात्र न्या, डब्यातल्या वहीत नाव-तारीख लिहायची, आतली वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची ठेवायची, डबा होता तस्साच परत. आणि गडावर तटाचा दगड हलवावा लागतोय असं वाटलं तर थांबा, तुम्ही चुकीच्या जागी शोधताय.