नखावरची रेघ: नेल आर्टमधील मार्कर आणि पेंट पेनांची पार्श्वभूमी

गोव्यात चतुर्थी जवळ आली किंवा लग्नसराई सुरू झाली की पणजी, म्हापसा, फोंडा, मडगाव येथील ब्युटी पार्लरांत नखांच्या कामाला गर्दी होते. नेलपॉलिशच्या बाटल्या आणि केसाएवढे बारीक ब्रश यांच्या शेजारी आता पेनेही मांडलेली दिसतात. त्यांतली काही खास नखांसाठी बनवलेली असतात, तर काही सरळ स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली असतात. नखावरच्या नाजूक कामात या पेनांनी जी जागा मिळवली आहे, तिच्यामागे दोन वेगळ्या धंद्यांचा इतिहास आहे. एक धंदा नखाच्या रंगाचा आणि दुसरा लिहिण्याच्या साधनांचा. ते अनेक दशके एकमेकांची दखल न घेता वाढले आणि एकत्र आले ते अगदी अलीकडे.

नखे रंगवण्याची रीत अर्थातच फार जुनी आहे. मेंदीने नखे तांबूस करण्याची पद्धत प्राचीन इजिप्तमध्ये होती आणि आपल्याकडे ती आजही आहे. पावसाळ्यात आपल्या अंगणात फुलणाऱ्या तेरड्याची फुले वाटून नखांना लावण्याची प्रथा कोरियात अजून टिकून आहे. मात्र मेंदी काय किंवा तेरडा काय, हे नखात मुरणारे रंग आहेत. मुरणाऱ्या रंगाची कड धूसर राहते, त्यामुळे अख्खे नख छान रंगते, पण स्वच्छ कडेची बारीक रेघ त्यातून काढणे अवघड जाते. रेघेसाठी नखावर बसणारा, वाळून कडक होणारा थर लागतो.

तो थर ज्या पदार्थाने दिला त्याचे नाव नायट्रोसेल्युलोज. १८४६च्या सुमारास ख्रिश्चन शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया करून एक स्फोटक तयार केले. पुढे त्याच कुळातल्या पदार्थापासून सिनेमाची फिल्म बनली आणि १९२३ मध्ये ड्यू पाँट कंपनीने ‘ड्युको’ नावाने मोटारींसाठी झटपट वाळणारा, चकचकीत रंग बाजारात आणला. आजचे साधे नेलपॉलिश याच रंगाचे भावंड आहे. इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेटमध्ये नायट्रोसेल्युलोज विरघळवलेले असते. द्रावक उडून गेला की पातळ, कडक पापुद्रा मागे राहतो. १९३२ मध्ये चार्ल्स आणि जोसेफ रेव्हसन या भावांनी रसायनतज्ज्ञ चार्ल्स लॅकमन याच्यासह रेव्हलॉन कंपनी काढली. पारदर्शक रंगाऐवजी अपारदर्शक रंगकण वापरलेले नेल एनॅमल हे तिचे पहिले उत्पादन. ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेच्या मुळाशी आहे, कारण गडद नखावर फिकट रेघ उठून दिसायची असेल तर रंग झाकणारा असावा लागतो. भारतात १९५२ मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केल्यावर देशी सौंदर्यप्रसाधने मध्यमवर्गीय घरांत रुळू लागली.

तरीही बराच काळ नखाची शोभा रंगाच्या थरावरच थांबली. १९२० आणि ३०च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत ‘मून मॅनिक्युअर’ लोकप्रिय होते. त्यात नखाच्या मुळाशी असलेली अर्धचंद्राकृती जागा मोकळी सोडून उरलेले नख रंगवत. नक्षी म्हणावी अशी त्यात एक कड, एवढीच. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर हिची लांब, रंगीत, सजवलेली नखे जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिली आणि नेल आर्ट हा विषय पार्लरबाहेर गेला. तोवर बारीक काम म्हणजे ब्रशचे काम, हे समीकरण पक्के होते. लांब केसांचा ‘स्ट्रायपर’ ब्रश नखावर आडवा टेकवून एका दमात ओढायचा आणि हात थरथरला तर पुसून पुन्हा सुरुवात करायची. आपल्याकडे ज्यांना असा ब्रश मिळत नसे, त्या मुली टूथपिक, हेअरपिनचे गोल टोक, सेफ्टी पिन किंवा संपलेली रिफिल यांवर काम भागवत. या साधनांनी ठिपके सुरेख येतात. रेघ मात्र तुटते, कारण टोकावर घेतलेला थेंब पुरता ओढण्याआधीच संपतो आणि पॉलिश वाळू लागते. रंग टोकापर्यंत स्वतःहून येत राहील असे साधन हवे होते, आणि ते स्टेशनरीच्या कारखान्यांत आधीच तयार झाले होते.

फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या कापडाच्या) टोकाच्या पेनाचे पेटंट ली न्यूमन याने १९१० मध्ये अमेरिकेत घेतले होते, पण मार्कर खऱ्या अर्थाने बाजारात आला तो १९५३ मध्ये, सिडनी रोझेन्थल याच्या ‘मॅजिक मार्कर’मुळे. त्याचे टोक जाड होते. खोक्यांवर नावे टाकावीत, फलक लिहावेत, इतपत त्याचा उपयोग. बारीक टोकाचे श्रेय जपानला जाते. टोकियो स्टेशनरी कंपनीचे, म्हणजे पुढे पेंटेल या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीचे, युकिओ होरिए यांनी १९६२ मध्ये तंतूंचे घट्ट टोक असलेले पेन आणले. जवळजवळ असलेल्या तंतूंमधल्या फटींतून केशाकर्षणाने शाई पुढे येते, दाब द्यावा लागत नाही आणि रेघेची जाडी सारखी राहते. १९६४ मध्ये अमेरिकेत शार्पी हा बारीक टोकाचा, न पुसला जाणारा मार्कर निघाला. अल्कोहोलात विरघळलेल्या रंगाची ही शाई काचेवर, प्लॅस्टिकवर, धातूवर बसते, आणि म्हणून नखावरच्या पॉलिशवरही बसते.

पण अशी शाई पारदर्शक असते. काळ्या किंवा मरून नखावर तिची रेघ दिसतच नाही. झाकणारा रंग हवा तर टायटॅनियम डायऑक्साइडसारखे जड रंगकण लागतात. ते तळाशी बसतात आणि तंतूंच्या फटी तुंबवतात. पेंट मार्करने हा पेच सोडवला तो नळीत खुळखुळणारी गोळी आणि टोकामागची झडप यांच्या जोरावर. पेन हलवले की गोळी रंग ढवळते, आणि टोक दाबले की झडप उघडून रंग पुढे येतो. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने १९८३ मध्ये काढलेला पोस्का हा या घराण्यातला सर्वांत परिचित मार्कर आहे. त्यातला रंग पाण्यावर आधारलेला, अपारदर्शक आणि जवळजवळ बिनवासाचा असतो, आणि त्याच्या अगदी बारीक टोकाची रेघ ०.७ मिलिमीटरची असते. अंगठ्याचे नख साधारण दीड सेंटिमीटर रुंद धरले तर त्यावर अशा दहा समांतर रेघा मधल्या फटींसह बसतात. बाटलीतल्या पॉलिशच्या रुंद ब्रशने एवढे काम कधीच होणार नाही.

नखांसाठी म्हणून वेगळी पेने काढताना उत्पादकांपुढे आणखी एक अडचण होती. खरे पॉलिश पेनात भरले तर ते टोकातच वाळते आणि त्यातला द्रावक कित्येक प्लॅस्टिके खातो. त्यावर सुईसारख्या धातूच्या नळीचा उपाय निघाला: लवचीक बाटली दाबायची, नळीतून पॉलिश येते, काम झाले की टोकात पिन घालून ठेवायची. दुसरा मार्ग मार्करचाच होता. लंडनमध्ये शार्मेडीन रीड हिने २००९ मध्ये उघडलेल्या वा नेल्स या सलोनने तरुण मुलींमध्ये चित्रमय नखांची आवड रुजवली आणि पुढे स्वतःच्या नावाची पेनेही विकली. त्याच सुमारास सॅली हॅन्सनसारख्या मोठ्या कंपनीची नेल आर्ट पेने दुकानांत आली. यूट्यूबवर पाहून घरी नखे रंगवणाऱ्यांची पिढीही तेव्हाच तयार होत होती. ब्रशवर हात बसायला महिने जातात. पेन धरायची सवय प्रत्येकीला शाळेपासून असते. माझ्या मते पेन इतके झपाट्याने पसरले त्याचे खरे कारण हेच आहे.

पेनाने रेघ काढणे सोपे झाले, पण ती टिकवणे सोपे झाले नाही. नक्षीवर टॉप कोट, म्हणजे वरचा पारदर्शक संरक्षक थर, द्यावाच लागतो, आणि टॉप कोटमधला द्रावक खालची शाई सोडवतो. अल्कोहोलाच्या शाईची नक्षी ब्रश फिरताच पसरते. पाण्यावरचा ॲक्रिलिक रंग पुरता वाळला असेल तर बऱ्यापैकी तग धरतो, मात्र ब्रशला टॉप कोटचा भरपूर थेंब घेऊन तो नखाला न घासता तरंगत न्यावा लागतो. गुळगुळीत पॉलिशवर पेन घसरते, म्हणून जाणकार आधी मॅट, म्हणजे चमक नसलेला, टॉप कोट देतात आणि त्या खरखरीत पृष्ठावर रेखाटतात. २०१० मध्ये सीएनडी कंपनीचे शेलॅक आल्यानंतर जेल पॉलिश सर्वत्र झाले. ते अतिनील (यूव्ही) किंवा एलईडी दिव्याखाली कडक होते, म्हणून खालचा थर पक्का मिळतो. पण वरचा चिकट थर पुसून, किंचित बफ केल्याशिवाय, म्हणजे हलके घासून खरखरीत केल्याशिवाय, पेनाचा रंग त्याला धरत नाही. शाईच्या पसरण्याचा काहींनी मोठ्या कल्पकतेने उपयोगही करून घेतला आहे: पांढऱ्या नखावर शार्पीचे ठिपके देऊन त्यावर रबिंग अल्कोहोलचा थेंब सोडला की जलरंगासारखी छटा उतरते.

स्टेशनरीचे पेन आणि नखांचे पेन यांतला फरक कायद्याच्या दृष्टीनेही मोठा आहे, आणि याबाबत पार्लरांनी अधिक काटेकोर असायला हवे असे मला मनापासून वाटते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार नखांसाठी विकल्या जाणाऱ्या रंगाला उत्पादनाचा परवाना किंवा आयात नोंदणी लागते आणि वेष्टनावर घटकांचा तपशील, बॅच क्रमांक व वापराची मुदत द्यावी लागते. कागदासाठी बनवलेल्या मार्करला यातले काही लागू होत नाही. त्यावरचा ‘नॉन-टॉक्सिक’ हा शब्द चित्रकलेतल्या वापरापुरता असतो. तेलावर आधारलेल्या काही पेंट मार्करांत झायलीनसारखे तीव्र द्रावक असतात. ते नखांजवळ आणूच नयेत. नखाचा दृश्य भाग निर्जीव केराटिनचा असला तरी त्याच्या कडेची कातडी जिवंत असते. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढते, त्यामुळे बेस कोट (रंगाखालचा पहिला पारदर्शक थर) न देता ओढलेल्या शाईचा डाग लागला तर तो वाढून निघून जायला महिने लागतात.

गोव्यात या पेनांना विशेष वाव मिळाला, कारण इथली नक्षीची परंपराच रेघेवर उभी आहे. पणजीत घरांवरच्या आणि रस्त्यांच्या नावांच्या अझुलेजो फरशा (पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या, चकचकीत फरशा), मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारातले निळे-पांढरे फलक, कुणबी साडीच्या चौकटी, हे सारे नखाच्या छोट्या चौकोनात उतरवता येते. अझुलेजोसाठी पांढरा बेस देऊन निळ्या पेनाने आधी मधली आडवी-उभी रेघ आखतात आणि मग चारही कोपऱ्यांत एकच पाव आकृती फिरवतात. कावी या भित्तिचित्रकलेचे मात्र वेगळे आहे. मोरजीच्या मोरजाई मंदिरासारख्या ठिकाणी दिसणाऱ्या या कलेत चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडतात, आणि रेघ म्हणून उघडा पडतो तो खालचा पांढरा चुना. नखावर ओले पॉलिश असे खरवडायला गेले तर कड उचलली जाते, म्हणून क्रम उलटावा लागतो: काव (तांबड्या मातीच्या) रंगाचा बेस पूर्ण वाळवायचा आणि पांढऱ्या पेंट पेनाने वरून रेघ ओढायची. मूळ कलेचा खोलगटपणा त्यात येत नाही, पण वेलीची वळणे आणि कमळाच्या पाकळ्यांची लय नेमकी येते. जिथे पाकळीत छटा भरायची तिथे अजून ब्रशच लागतो.

इथल्या हवेचाही या कामावर मोठा परिणाम होतो. चतुर्थी पावसाळ्याच्या शेवटाकडे येते, तेव्हा हवेतल्या दमटपणामुळे पाण्यावरच्या पेनांचा रंग सावकाश वाळतो. शिवाय झटपट उडणारा द्रावक पृष्ठभाग थंड करतो, त्यावर हवेतले बाष्प जमते आणि पॉलिशवर दुधी धूसरपणा येतो. म्हणून त्या दिवसांत एसी किंवा पंख्याखाली नक्षी पुरती सुकवून, टॉप कोट एका जाड थराऐवजी दोन पातळ थरांत देतात, आणि ज्या गिऱ्हाइकाला चतुर्थीच्या स्वयंपाकात हात सतत पाण्यात घालायचे असतात तिला जेलचाच बेस सुचवतात.