कमोडोर ६४ ची फ्लॉपी इतकी मंद का होती?

१९८२ साली बाजारात आलेला कमोडोर ६४ एक कोटीहून जास्त विकला गेला. त्या काळच्या घरगुती संगणकांत त्याचे रंग आणि आवाज सरस होते. पण त्याच्या १५४१ फ्लॉपी ड्राइव्हवरून मोठा गेम लोड करायला दीड-दोन मिनिटं सहज लागत. वेग सेकंदाला जेमतेम ४०० बाइट. खरं तर फ्लॉपी याच्या कितीतरी पट वेगाने वाचता येत होती. घोडं अडत होतं ते ड्राइव्ह आणि संगणक यांच्यामधल्या केबलवर.

याचं मूळ कमोडोरच्याच आधीच्या व्हिक-२० संगणकात आहे. त्याआधीच्या पेट संगणकाची समांतर केबल महाग पडायची, म्हणून व्हिक-२० साठी एकामागून एक बिट पाठवणारी स्वस्त सिरियल जोडणी ठरली. बिट गोळा करून त्यांचा बाइट बनवायचं काम ६५२२ चिपमधलं शिफ्ट रजिस्टर करणार आणि प्रोसेसर मोकळा राहणार, असा बेत होता. पण चिपमध्येच दोष निघाला. बाहेरून येणारा क्लॉकचा, म्हणजे बिट कधी वाचायचा ते सांगणाऱ्या सिग्नलचा, ठोका चिपच्या स्वतःच्या ठोक्याला अगदी लागून पडला, की एखादा बिट गळायचा. मग शिफ्ट रजिस्टर बाजूला ठेवून प्रत्येक बिटची देवाणघेवाण सॉफ्टवेअरवर सोपवली गेली.

कमोडोर ६४ मध्ये नवी ६५२६ चिप आली. तिच्यात हा दोष नव्हता. तरीही जुनी उपकरणं चालावीत म्हणून सॉफ्टवेअरची संथ पद्धत तशीच ठेवली. त्यात नवी अडचण उभी राहिली. अक्षरांची प्रत्येक नवी ओळ सुरू होताना व्हिडिओ चिप सुमारे ४० मायक्रोसेकंद प्रोसेसरला थांबवून ठेवते. तेवढ्यात ड्राइव्हने पाठवलेला बिट हुकायचा. म्हणून व्हिक-२० च्या १५४० ड्राइव्हचा रॉम, म्हणजे त्याच्या आतलं कायमचं सॉफ्टवेअर, बदलून तो आणखी हळू बोलेल असं केलं, आणि तोच १५४१ झाला. जुना १५४० कमोडोर ६४ ला जोडायचा तर लोड होईपर्यंत स्क्रीन बंद ठेवावा लागे!

यातून वाट काढली ती बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी, आणि मला या गोष्टीतलं खरं कौतुक त्यांचंच वाटतं. १५४१ हा स्वतःच एक छोटा संगणक होता: आत ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम. त्यांचा फास्ट लोडर, म्हणजे लोडिंग वेगवान करणारा प्रोग्रॅम, आधी त्याच मंद केबलवरून आपला कोड तुकड्यातुकड्याने त्या रॅममध्ये पोचवायचा, मग ड्राइव्हला तोच कोड चालवायला सांगायचा. आता दोन्ही टोकांना त्याचीच माणसं! मूळ पद्धतीत एक तार डेटाची आणि एक क्लॉकची. लोडरने दोन्ही तारा डेटासाठी घेतल्या, एका वेळी दोन बिट पाठवले आणि प्रत्येक बिटला क्लॉकचा इशारा देणं सोडून दिलं. मेळ राहायचा तो दोन्हीकडच्या प्रोसेसरचे सायकल, म्हणजे कामाचे ठोके, मोजून. काही लोडर स्क्रीन कोरा करायचे, म्हणजे व्हिडिओ चिप मध्ये थांबवणार नाही. १९८४ चं एपिक्स कंपनीचं फास्ट लोड कार्ट्रिज अशाच युक्त्यांनी सुमारे पाचपट वेग द्यायचं, तेही ड्राइव्हचा एक स्क्रूसुद्धा न उघडता.

शिफ्ट रजिस्टरचा मूळ बेत प्रत्यक्षात आला तो १९८५ मध्ये, कमोडोर १२८ आणि १५७१ ड्राइव्हच्या जोडीत. त्याच १२८ ला जुना १५४१ जोडला, की बोलणं परत एकेका बिटवर यायचं.