दरमहा आणि दरसाल : बडोद्यातल्या रोजच्या हिशेबाची पार्श्वभूमी

१ ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती गरजेसाठी किंवा लहान उद्योगासाठी मुदतीचं कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा वित्तकंपनीला ग्राहकाच्या हातात एक पत्रक द्यावं लागतं. व्याज, प्रक्रिया शुल्क आणि कर्जासोबत वसूल होणारे इतर आकार धरून ते कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडतं, तो एकच आकडा त्यात असतो. मांडवीतला दुकानदार असो की मकरपुऱ्याच्या कारखान्यातला कामगार, सगळ्यांच्या कामाचा हा आकडा. पण तो कसा निघतो, हे शाळेच्या गणितात सहसा येतच नाही. शाळेतला हिशेब आणि बाजारातला हिशेब यांची फारकत एका दिवसात झालेली नाही. तिचं मूळ नाणी आणि वजनं बदलली त्या १९५७ ते १९६२ या पाच वर्षांत आहे असं माझं मत आहे, म्हणून या टिपणात त्या वर्षांना जास्त जागा दिली आहे.

त्याआधीचं थोडक्यात. आपल्याकडे व्याज पूर्वापार महिन्यावर मोजलं जाई. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभराला दरमहा सव्वा पण (‘पण’ हे त्या काळचं नाणं) हा न्याय्य दर सांगितला आहे. व्यापारासाठी पाच, रानावनातून माल नेणाऱ्यासाठी दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यासाठी वीस. जोखीम वाढली की दर वाढतो, हे तत्त्व त्यात उघड दिसतं. ११५० मधल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत पंचराशिकाचं, म्हणजे पाच राशींवरून सहावी काढण्याचं, उदाहरण आहे : शंभरावर महिन्याला पाच व्याज, तर सोळांवर वर्षाचं किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. दर महिन्याचा दिला आहे आणि विचारलं आहे वर्षाचं, म्हणजे विद्यार्थ्याला मुदत आधी जुळवून घ्यावीच लागते. दामदुप्पटीचा नियमही याच परंपरेतला. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. सव्वा शेकड्याने ८० महिन्यांत, म्हणजे सहा वर्षं आठ महिन्यांत, व्याज मुद्दलाइतकं होतं. पुढे ऋणको सुरक्षित.

गायकवाडी बडोद्यात एकाच शहरात दोन-तीन तऱ्हांचे हिशेब शेजारी शेजारी नांदत होते. दरबारी कारकुनाच्या घरी मोडीतला जमाखर्च, कीर्द आणि खतावणी. पेढीवर गुजराती चोपडे आणि नामुं, म्हणजे गुजराती जमाखर्च. संस्थानाचं सरकारी वर्ष १ ऑगस्टला सुरू होई, व्यापाऱ्याचं दिवाळीनंतर कार्तिकात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत संस्थानाचा बाबाशाही रुपया आणि इंग्रजी रुपया दोन्ही चालत होते, त्यामुळे एकाचा दुसऱ्यात बदल करताना पडणारा बट्टा काढता येणं ही रोजची गरज होती. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये सक्ती संस्थानभर आली. दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, मांडवीत एक बँक उघडली. ती आज देशातल्या मोठ्या बँकांत गणली जाते. बँकेचा दर वर्षाचा, पेढीचा दर महिन्याचा. माणसं दोन्हीकडे जात, आणि दोन्ही दर मनात एका मापावर आणून बघत.

हे जमायचं कारण पाढे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी : पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. त्या काळचं चलन आणि वजनं याच तुकड्यांवर उभी होती. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. मणाचे चाळीस शेर, शेराचे ऐंशी तोळे. खाली पावशेर, अदपाव. एक जुनं सूत्र असं : मणाचा भाव जितके रुपये, तितक्या आण्यांना अडीच शेर. अडीच शेर हा मणाचा सोळावा भाग आणि आणा हा रुपयाचा सोळावा भाग, एवढंच त्यामागचं कारण. गूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेराला बारा आणे. कागद लागत नाही. व्याजाचंही तसंच. चारशे रुपये दीड शेकड्याने पाच महिने : दिडकीतून महिन्याचे सहा, पाच महिन्यांचे तीस.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. बडोदा तेव्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात होतं. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं येऊ लागली. गुजरात वेगळा झाला १ मे १९६० ला, आणि १९६२ पर्यंत शेर-मण कायद्याने मागे पडले. म्हणजे पाच वर्षांत नाणं बदललं, वजन बदललं, मधेच राज्यही बदललं.

बदल्याचं कोष्टक साधं दिसे, पण त्यात गाठ होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा देता येत नाही, म्हणून अर्धा किंवा त्याहून कमी तुकडा सोडायचा आणि जास्त असेल तर वर न्यायचा. एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर २४ पैसे, एकदम घेतल्या तर २५. फरक एका पैशाचा, पण किरकोळ विक्रीत दिवसभरात तो शेकडो वेळा पडतो. ज्याला सवायकी येत होती, त्याला सोळा सव्वासहा शंभर हे तोंडपाठ होतं, आणि ही जुळवाजुळव त्याच्या लगेच ध्यानात येई. नव्या पद्धतीत शिरताना जुना पाढाच कामाला आला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘नवा’ हा शब्द १९६४ मध्ये गळाला आणि उरला नुसता पैसा.

खरा वाद पुढे आहे. आणे गेले, शेर गेले, म्हणून त्यांच्याबरोबर अपूर्णांकांचे पाढेही हळूहळू शाळेतून गेले. हे योग्य झालं का, यावर बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत आजही दोन मतं ऐकू येतात. पाढे गेले ते बरं झालं म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. गावागणिक मणाचं वजन वेगळं असे, पै-पैशांच्या बेरजेत मुलांची वर्षं जात, आणि औटकी अर्थ न कळता घोकली जाई. दशमान पद्धतीने बेरीज-वजाबाकी सगळ्यांच्या आवाक्यात आली, हिशेब हे मोजक्या घरांचं वतन राहिलं नाही. हा लाभ मोठा आहे.

तरीही पाढे काढून टाकण्यात चूक झाली असं मी मानतो. पावकी आण्यांची नव्हती, ती चतुर्थांशाची होती. खंडेराव मार्केटात आजही भाजी पावकिलो, अर्धा किलो, दीड किलो अशीच मागतात. भाव ६० रुपये किलो आणि माल पावणेदोन किलो, तर १०५ रुपये होतात. हे मनात करायला साठ अधिक साठाची पाऊणपट एवढं पुरतं, पण ‘पाऊणपट’ हा शब्द ऐकताच पंचेचाळीस डोळ्यांपुढे यायला हवेत. १.७५ गुणिले ६० असं मांडून बसणारा मुलगा उत्तर बरोबर काढेल, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात. मापं बदलणं भाग होतं. मापांबरोबर हाताळण्याची सवय टाकून देणं भाग नव्हतं.

सोन्याच्या बाबतीत तर जुनं माप पुसलंही गेलं नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता बोलण्यात तोळा म्हणजे दहा ग्रॅम, भावही दहा ग्रॅमचा. आजीच्या काळातली चिठ्ठी ‘पाच तोळे’ म्हणत असेल तर ते ५८ ग्रॅमच्या वर भरतं. पन्नास ग्रॅम समजून मोडायला गेलेल्या माणसाला वजनकाट्यावर निघालेला फरक आधी माहीत असलेला बरा.

पाढ्यांबरोबर दुसरी एक गोष्ट गेली, आणि तिची किंमत जास्त मोजावी लागली. शाळेच्या पुस्तकात व्याजाचा दर कायम ‘द.सा.द.शे.’ असा छापून येऊ लागला, म्हणजे दर साल दर शेकडा. मुदत आणि पाया दोन्ही आयते. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत भागिले शंभर. मुलाला ‘हा दर महिन्याचा की वर्षाचा?’ असं विचारायची वेळच येत नाही. बाजार मात्र महिन्यावरच राहिला. ‘दीड टक्क्याने घेतले’ असं कोणी म्हणालं तर ते वर्षाला १८ टक्के असतात. रुपयामागे आणा दरमहा हा जुना सावकारी दर वर्षाला ७५ टक्के होतो. लीलावतीतला विद्यार्थी जी जुळवाजुळव पहिल्या पायरीला करत होता, ती आपल्या पुस्तकांनी त्याच्यासाठी आधीच करून ठेवली.

त्या पोकळीत सपाट दर आला. वस्तू हप्त्याने घेण्याची पद्धत वाढली तसा हा दर दुकानांत आणि कर्ज देणाऱ्यांच्या टेबलांवर दिसू लागला. एक लाख रुपये, १२ टक्के सपाट, बारा हप्ते. व्याज १२,००० धरून १,१२,००० चे बारा भाग करतात, हप्ता ९,३३३ रुपये. ऐकताना बारा टक्के रास्त वाटतात. पण पहिला हप्ता दिला की मुद्दल कमी व्हायला लागतं, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागलेलं असतं. उरलेल्या मुद्दलावर मोजलं तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. घटत्या मुद्दलावर खरोखर १२ टक्के लावले असते तर हप्ता ८,८८५ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ६,६१९ रुपये झालं असतं. आकडा तोच, व्याज जवळजवळ दुप्पट. वर्षभरात साधारण निम्मीच रक्कम आपल्या हातात असते, एवढं लक्षात आलं की कागदावर न मांडताही अंदाज येतो.

ठेवींच्या बाजूलाही असंच होतं. मार्च २०१० पर्यंत बचत खात्यावर व्याज मिळे ते महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर. बारा तारखेला पन्नास हजार भरले तर त्या महिन्याचं त्यांवर काहीच नाही. तीस तारखेला काढले तरी तो महिना गेला. दर साडेतीन टक्के लिहिलेला, हातात पडायचा त्याहून कमी. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर मोजणी सुरू झाली. हा फायदा खातेदारांनी हिशेब करून मागितला म्हणून झाला असं म्हणता येत नाही. तो नियम करणाऱ्यांकडून आला. कर्जाच्या पत्रकाचंही तेच. १९६२ नंतर सामान्य माणसाच्या बाजूने जे बदल झाले ते बहुतेक वरून आले, वर्गातून आले नाहीत.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर टक्केवारीचा पाया पुन्हा एकदा ऐरणीवर आला. १,१८० रुपयांचं करासह बिल, दर १८ टक्के, तर कर किती? पुष्कळजण १,१८० चे १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे सांगतात. कर १८० रुपये आहे, कारण अठरा टक्के हजारावर लागले होते. उलटं जायचं तर बिलाला १८ ने गुणून ११८ ने भागावं लागतं. दुकानात हिशेब लिहायला बसलेल्या नव्या मुलाला ही गोष्ट पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगतं, शाळेत शिकलेलं टक्केवारीचं प्रकरण तेव्हा त्याच्या उपयोगी पडत नाही.

अभ्यासक्रमात अलीकडे हालचाल झाली आहे. केंद्रीय मंडळाने (सीबीएसई) २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून गणिताच्या दोन पातळ्या केल्या, आणि अकरावी-बारावीला उपयोजित गणित हा वेगळा विषय आणला. बारावीच्या त्या विषयात समान मासिक हप्ता, कर्जफेड निधी, वार्षिक चक्रवाढ वाढीचा दर हे सगळं आहे, आणि ते चांगलं आहे. पण तो विषय ऐच्छिक आहे, आणि पोचतो फक्त दोन वर्षं आणखी शिकणाऱ्यांपर्यंत. दहावीनंतर थेट कामाला लागणारी मुलं पहिला हप्ता फोनसाठी भरतात, आणि त्यांच्या आठवीच्या पुस्तकातलं चक्रवाढ व्याज सहसा वर्षाला एकदाच लागत असतं.