काशी : प्राचीन स्थान, नवी मंदिरे

काशीचे प्राचीनत्व आणि काशीतील मंदिरांचे वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरुणा नदी गंगेला मिळते तेथील राजघाटच्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील वस्ती आढळली. मात्र आज यात्रेकरू ज्यांपुढे हात जोडतात त्यांतील बहुतेक मोठी मंदिरे अठराव्या शतकात किंवा त्यानंतर बांधलेली आहेत. ११९४ मध्ये मुहम्मद घोरीच्या सैन्याने काशीवर सत्ता असलेल्या गाहडवाल राजघराण्याचा पराभव केल्यानंतर शहरातील अनेक मंदिरे पाडली गेली आणि पाडणे व पुन्हा उभारणे हा क्रम पुढची काही शतके चालू राहिला.

अशा काळात काशीचे माहात्म्य टिकले कसे, याचे उत्तर मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात दिलेल्या व्यवस्थेत सापडते. हेच गागाभट्टांचे पणजोबा. काशी, प्रयाग व गया यांवरील ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथात त्यांनी सांगितले, की म्लेंच्छांमुळे विश्वेश्वराचे, म्हणजे विश्वनाथाचे, लिंग जागेवर नसले, तरी त्या स्थानाला प्रदक्षिणा व नमस्कार करावा आणि तेथे दुसरे लिंग बसवले असल्यास त्याचीच पूजा करावी. माझ्या मते काशीच्या इतिहासात याहून धीराचे वचन नाही, कारण त्याने देवाचा आधार दगडावरून काढून भूमीवर ठेवला. परंपरेनुसार अकबराचे मंत्री तोडरमल यांच्या साहाय्याने त्यांनीच १५८५च्या सुमारास विश्वेश्वराचे भव्य मंदिर उभे केले.

ते मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले आणि त्या जागी ज्ञानवापी मशीद उभी राहिली. शतकाहून अधिक काळाने, १७८० मध्ये, अहिल्याबाई होळकरांनी मूळ जागेच्या अगदी लगत आजचे विश्वनाथ मंदिर पूर्ण केले. महाराजा रणजितसिंहांनी त्याच्या शिखरांसाठी सोने दिले, तर बायजाबाई शिंदे यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापी कूपाभोवती स्तंभमंडप बांधला. अहिल्याबाई, भोसले, शिंदे ही घाटांची नावे वाचत गेले, की या पुनर्बांधणीत मराठी सत्तांचा वाटा किती मोठा होता हे ध्यानात येते.

मंदिराभोवती पुढे घरांची इतकी दाटी झाली, की लहान देवळे भिंतींच्या आत गडप झाली. १३ डिसेंबर २०२१ रोजी लोकार्पण झालेल्या विश्वनाथ धाम या विस्तारित मंदिर परिसरासाठी ती घरे उतरवली जात असताना चाळीसहून अधिक जुनी मंदिरे पुन्हा दिसू लागली.